सिकलसेलचा वाहक डोंगर चढू शकतो का?

आमची मुलगी पोलीस भरतीची तयारी करते. मुलींना 800 मीटर धावावे लागते, म्हणून रोज पहाटे मैदानावर जाते. मागच्या वर्षी रक्ततपासणीत तिचा रिपोर्ट 'एएस' आला, म्हणजे ती सिकलसेलची वाहक निघाली. वस्तीत बातमी पसरायला दोन दिवसही लागले नाहीत. शेजारच्या मावशी घरी येऊन म्हणाल्या, "सिकलवाल्या पोरीले धावाले कायले लावता बाप्पा? उद्या काही झालं म्हणजे?" दुसऱ्या दिवसापासून मुलीचे बूट पलंगाखाली गेले.

मग आम्ही दोघांनीही तपासणी करून घेतली. आमच्यापैकी एकजण वाहक आहे. कोण, ते इथे लिहीत नाही. वस्तीत पहिला प्रश्न तोच असतो आणि दोष बहुतेक वेळा बाईच्या माथी मारला जातो. खरे तर यात दोष कोणाचाच नाही. आईकडून किंवा वडिलांकडून रक्तातल्या हिमोग्लोबिनचा एक बदललेला गुण येतो, एवढेच.

विदर्भातल्या आपल्या घरांत हा गुण नवा नाही. भारतात तो प्रथम 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये आढळला. 1958 मध्ये शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेल गुणाविषयी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. तरीही 'वाहक' आणि 'रुग्ण' यांतला फरक आपल्याकडे अजून नीट रुजलेला नाही.

डॉक्टरांनी तो आम्हाला सोप्या भाषेत सांगितला. दोन्ही पालकांकडून हा गुण आला तर 'एसएस', म्हणजे रुग्ण. त्याच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. एकाच पालकाकडून आला तर 'एएस', म्हणजे वाहक. त्याच्या रक्तात चांगले हिमोग्लोबिन जास्त असते, त्यामुळे त्याला बहुधा काहीच त्रास होत नाही. तो काम करू शकतो, खेळू शकतो, धावू शकतो. मात्र उन्हात पाणी न पिता जिवाच्या आकांताने श्रम केले, तर वाहकालाही धोका होऊ शकतो. शिवाय वाहकाची मूत्रपिंडे पाणी नीट राखून ठेवू शकत नाहीत. लघवीवाटे पाणी जास्त जाते, म्हणून त्याने इतरांपेक्षा जास्त जपायचे.

अमेरिकी सैन्यातल्या सुमारे 48 हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा एक अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाहक सैनिकांमध्ये मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळले नाही. पण अतिश्रमाने स्नायूंना गंभीर इजा होण्याचा धोका त्यांच्यात जास्त दिसला. त्या सैन्यात पाणी, ऊन आणि विश्रांती यांचे नियम सर्वांनाच पाळावे लागतात. म्हणजे घाबरून घरी बसायचे नाही, आणि बेफिकीरही राहायचे नाही.

हे मुलीला नुसते सांगून पटणार नव्हते. म्हणून आम्ही दोघांनी ठरवले की आधी आपणच चढून दाखवायचे, आणि तेही महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, कळसूबाई. उंची 1646 मीटर. आपले नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम 310 मीटरवर.

चार महिन्यांची तयारी

डॉक्टरांनी दोघांचा बीपी, शुगर आणि हिमोग्लोबिन तपासले. एवढ्या उंचीवर विरळ हवेचा आजार सहसा होत नाही, तो साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. तरी नागपूरपेक्षा हवेचा दाब सुमारे 15 टक्के कमी असतो, म्हणून सावकाश चढा, असे त्यांनी बजावले. आम्ही रोज अर्धा तास चालण्यापासून सुरुवात केली. मग सेमिनरी हिल्सचा चढ, मग रामटेकच्या गडाच्या पायऱ्या. दर आठवड्याला थोडे थोडे वाढवत गेलो.

तो दिवस

डिसेंबरात विदर्भ एक्सप्रेसने संध्याकाळी निघालो आणि भल्या पहाटे इगतपुरीला उतरलो. धम्मगिरीमुळे हे गाव आपल्या अनेकांना माहीत आहे. तिथून जीपने घोटीमार्गे बारी या पायथ्याच्या गावी पोचलो. साडेसहाला चढायला सुरुवात केली. पाठीवर प्रत्येकी तीन लिटर पाणी, भाकरी, गूळ-शेंगदाणे आणि नागपुरी संत्री.

चूक मात्र आदल्या रात्रीच झाली होती. प्रवासात लघवीला सारखे उठायला नको म्हणून आम्ही दोघांनीही पाणी कमी प्यायले होते. बारीपासून शिखरापर्यंत आठशे मीटरहून जास्त उंची चढायची असते. वाटेत उभ्या कातळावर लोखंडी शिड्या लावल्या आहेत. पहिली शिडी हौसेने चढलो. पुढे आमच्यातल्या वाहकाच्या पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, मांड्या जड झाल्या. मागून येणारी कॉलेजची पोरे पुढे निघून गेली. आपणही रेटू या, असे मनात आलेच.

पण डॉक्टरांचे शब्द आठवले : वाहकाचे पाय असे बोलू लागले की तिथेच बसायचे. सावलीत बसलो. साखर-मिठाचे पाणी घोट घोट प्यायलो, संत्री खाल्ली. अर्ध्या तासात बरे वाटले नाही तर खाली उतरायचे, आणि बरे वाटले तरी बारा वाजता जिथे असू तिथून परतायचे, हे निघण्याआधीच ठरले होते. त्यामुळे वाद झाला नाही. अर्ध्या तासाने पाय मोकळे झाले. नंतर दर वीस मिनिटांनी थांबत, पाणी पीत चढलो.

साडेअकराला शिखरावर पोचलो. खाली भंडारदऱ्याचे पाणी चमकत होते, पलीकडे अलंग, मदन, कुलंग हे गड उभे होते. वारा गार होता, म्हणून स्वेटर घालून वीस मिनिटे बसलो आणि परतलो. उतरताना गुडघ्यांवर भार येतो, तेव्हा लहान पावले टाकली, काठी टेकली. खाली पोचायला चार वाजले.

वाहकांनी हे लक्षात ठेवावे

1. श्रमाच्या आदल्या दिवसापासूनच पाणी प्या. तहान लागण्याची वाट पाहू नका.

2. घरचे जलसंजीवनी पाणी : एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ.

3. ताप, जुलाब किंवा कडक ऊन असेल तर धावणे-चढणे त्या दिवशी बंद.

4. पायांत गोळे आले, धाप लागली, भोवळ आली तर ताबडतोब थांबा. सोबतच्याला सांगा.

5. डाव्या बरगडीखाली दुखले, लघवी लाल किंवा काळपट झाली, किंवा विश्रांतीनेही बरे वाटले नाही, तर लगेच दवाखाना गाठा आणि 'मी एएस आहे' हे आधी सांगा.

6. 'एसएस' रुग्णांनी आमचे पाहून असा चढ चढू नये. थंडी, तहान आणि अतिश्रम यांनी त्यांच्या वेदना उसळतात. त्यांनी किती चालायचे ते डॉक्टरच ठरवतील.

आपला रिपोर्ट माहीत नसेल तर सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या. लग्न ठरवताना पत्रिका नको, हा रिपोर्ट पाहा. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ 'एसएस' होण्याची शक्यता 25 टक्के असते, म्हणून आधीच डॉक्टरांचा सल्ला घ्या.

आमची मुलगी आता पुन्हा मैदानावर जाते. तिने आपल्या प्रशिक्षकांना रिपोर्ट दाखवला आहे. पाण्याची बाटली ती धावपट्टीच्या कडेला ठेवते, आणि दम लागला की लाज न बाळगता थांबते. परवा शेजारच्या मावशींनीही आपल्या नातवाला तपासणीला नेले.