पत्राचा शेवट आणि नोकरीचा शेवट

व्यावहारिक पत्राच्या अखेरीस 'आपला विश्वासू' एवढे लिहिले की आपले भागते. फ्रेंच लेखनिकाची मात्र तेवढ्यावर सुटका होत नाही. 'महोदय, माझ्या सविनय अभिवादनाचा स्वीकार व्हावा' अशा धर्तीचे संपूर्ण वाक्य त्याला लिहावे लागते. पत्रारंभी जे संबोधन वापरले असेल, तेच या वाक्यात पुन्हा यावे लागते. जुन्या संकेतानुसार स्त्री-पुरुषांमधील औपचारिक पत्राच्या या समारोपात 'भावना' हा शब्दही वर्ज्य मानला जाई. ई-मेलमध्ये हा समारोप एक-दोन शब्दांवर आला असला, तरी रीतसर पत्रात तो अद्याप टिकून आहे.

हे सारे दरबारी अवडंबर म्हणून हसण्यावारी नेणे सोपे आहे. परंतु लिखित शब्दाला इतके महत्त्व देणाऱ्या या देशाने ते केवळ वरिष्ठांच्या मानापुरते ठेवले नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. फ्रान्समध्ये कामगाराला बडतर्फ करावयाचे, तर मालकाला आधी त्यास भेटीस बोलवावे लागते आणि नंतर रजिस्टर पत्राने कारणे कळवावी लागतात. पुढे वाद न्यायालयात गेलाच, तर त्याची सीमा त्या पत्रानेच ठरते.

पत्राच्या भाषेबाबतही कायदा जागरूक आहे. ४ ऑगस्ट १९९४ च्या 'तूबों कायद्या'नंतर, कामगारावर बंधन घालणारी अथवा कामासाठी त्याला आवश्यक असणारी कागदपत्रे फ्रेंचमध्येच असली पाहिजेत, असा दंडक आला. परदेशातून आलेल्या कागदांना अपवाद आहे. इंग्रजी कागदपत्रे व संगणक-प्रणाली कामगारांपुढे ठेवल्याबद्दल जनरल इलेक्ट्रिक मेडिकल सिस्टिम्स या कंपनीला व्हर्सायच्या अपील न्यायालयाने २००६ मध्ये ५,८०,००० युरो भरावयास लावले.

अर्थात हे संरक्षण अढळ नाही. २०१७ च्या सुधारणांनी मालकाला पत्रातील कारणे मागाहून स्पष्ट करण्याची मुभा दिली. कामगाराने पंधरा दिवसांत खुलासा मागितला नाही, तर केवळ कारणे अपुरी लिहिली एवढ्यावरून बडतर्फी निराधार ठरत नाही. म्हणजे पत्र नीट लिहिण्याचा भार काही अंशी मालकाकडून कामगाराकडे सरकला. ज्याला रीतसर पत्र लिहिता येते, त्याचे यात फारसे बिघडत नाही. ज्याला येत नाही, त्याचा हक्क मुदतीबरोबर निसटतो.

मालकाचे पत्र लिहावयास कचेरी असते, कायदेपंडित असतात. कामगाराला ते एकट्याने वाचावयाचे असते. समारोपाचे वाक्य आखूड झाल्याने कोणाचे नुकसान होणार नाही. कारणांचा मजकूर मात्र आखूड होता कामा नये.