श्रेणी वाचली, पुढचं कोण वाचणार?

एक मेच्या सकाळी महाराष्ट्रातल्या असंख्य शाळांत आधी झेंडावंदन होतं आणि मग निकाल लागतो. १९६० साली ज्या तारखेला राज्य स्थापन झालं, त्याच तारखेला लाखो पोरं वरच्या वर्गात जातात. कडक इस्त्रीचा गणवेश, हातात प्रगतिपुस्तक आणि फाटकाबाहेर उभ्या असलेल्या आईबाबांचा एकच सवाल : “काय मिळालं?” ‘अ-१’ म्हटलं की पोराची स्वारी थेट आइस्क्रीमच्या दुकानात. ‘ब-२’ निघालं, तर घर येईपर्यंत स्कूटरवर कुणी बोलत नाही.

हे ‘अ-१’ म्हणजे ९१ ते १०० टक्के. ८१ ते ९० म्हणजे ‘अ-२’, ७१ ते ८० म्हणजे ‘ब-१’ आणि अशीच उतरंड खाली ‘इ-२’पर्यंत जाते. गुणांवरून होणारी चढाओढ कमी व्हावी म्हणून श्रेणी आल्या. पण ८० टक्क्यांना ‘ब’ आणि ८१ला ‘अ’ हे पालकांनी लगेच हेरलं आणि चढाओढ श्रेणींवर आली.

श्रेणी ठरते कशी, हे मात्र फार थोड्या घरांत ठाऊक असतं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला आणि त्याच वर्षी राज्यानं पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं. त्याचे दोन भाग. वर्षभर वर्गात जे चालतं त्याचं आकारिक मूल्यमापन : रोजचं निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय वगैरे. आणि सत्राच्या शेवटी संकलित मूल्यमापन, म्हणजे आपल्या ओळखीची परीक्षा. पहिली-दुसरीत आकारिकचा वाटा ७० टक्के ठेवला गेला. तो पुढे कमी होत सातवी-आठवीत ४०वर येतो. दुसरीतल्या मुलीची श्रेणी बरीचशी जुलै-ऑगस्टपासूनच घडत असते. तेव्हा एप्रिलमध्ये टीव्ही बंद करून तिला अभ्यासाला जुंपण्यात फारसा अर्थ नसतो.

खरा मजकूर असतो तो श्रेणीशेजारच्या वर्णनात्मक नोंदींत. विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. या तीन रकान्यांवरून बहुतेक पालकांची नजर नुसती घसरत जाते. त्यात थोडा दोष नोंदींचाही आहे. पन्नास-साठ मुलांच्या नोंदी चार दिवसांत लिहायच्या म्हटल्यावर ‘हस्ताक्षरात सुधारणा आवश्यक’ हे वाक्य निम्म्या वर्गाच्या वाट्याला येतं. पण मन लावून लिहिलेली नोंद मोलाची असते. ‘हातच्याची वजाबाकी करताना गोंधळतो’ एवढं एक वाक्य ‘गणित : ब-२’पेक्षा कितीतरी जास्त सांगून जातं.

नोंद मोघम असली, तरी घरात वर्षभराच्या वह्या असतातच. त्या रद्दीत जाण्याआधी एकदा उघडून बघाव्यात. ५०२ वजा १७८ या गणिताचं उत्तर मुलानं ४७६ लिहिलं असेल, तर तो हलगर्जीपणा नव्हे. प्रत्येक घरात त्यानं मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे : पाचातून एक, सातातून शून्य, आठातून दोन. त्याच्या हिशेबानं तो अगदी पद्धतशीर वागला. शून्याच्या घरातून हातचा घ्यायचा कसा, एवढंच त्याला कळलेलं नाही. नोटा आणि सुटे पैसे पुढ्यात ठेवले, तर सुट्टीतल्या दोन-चार दुपारींत ते कळू शकतं. नुसत्या लाल फुलीवरून यातलं काहीच कळत नाही.

पाचवी आणि आठवीच्या घरांत या वाचनाला आता निकड आली आहे. मूळ कायद्यात आठवीपर्यंत कुणालाही मागे ठेवता येत नव्हतं. २०१९मध्ये संसदेनं कायदा दुरुस्त करून राज्यांना पर्याय दिला आणि महाराष्ट्रानं २०२३-२४पासून पाचवी व आठवीची वार्षिक परीक्षा आणली. पाचवीला विषयाला ५० गुणांची, आठवीला ६० गुणांची, उत्तीर्ण व्हायला ३५ टक्के. जो विषय राहील त्यासाठी मुलाला जादा मार्गदर्शन आणि निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा. त्यातही जमलं नाही, तर त्याच वर्गात पुन्हा बसायचं. एक गोष्ट मात्र बदललेली नाही : आठवी पूर्ण होईपर्यंत कुठलीही शाळा मुलाला काढून टाकू शकत नाही. नापास झालं म्हणून कुणी दाखला हातात ठेवत असेल, तर पालकांनी तो घेऊ नये.

प्रगतिपुस्तकात आणखी एक दुर्लक्षित रकाना असतो, हजेरीचा. कायद्यानं पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरायला हवी. पण बीडसारख्या जिल्ह्यांत ऊसतोडीच्या कुटुंबांचं कॅलेंडरच निराळं. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन बिऱ्हाड कारखान्याकडे निघतं आणि परततं ते मार्च-एप्रिलमध्ये. बरोबर गेलेलं मूल थेट वार्षिक परीक्षेच्या तोंडावर वर्गात येऊन बसतं. अशा मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहं असतात. दुसऱ्या गावच्या शाळेत सामावून घेता यावं म्हणून शिक्षण हमी कार्डही दिलं जातं. ज्या मुलाला यातलं काही मिळालं नाही, त्याची श्रेणी बघण्याआधी हजेरी बघावी लागते. ‘क-२’ हा मग त्या मुलाचा निकाल राहत नाही.

आता सुट्टी. २०२५मध्ये राज्यभर वार्षिक परीक्षांचं एकच वेळापत्रक आखलं गेलं आणि परीक्षा २५ एप्रिलपर्यंत चालल्या. उन्हाच्या तडाख्यात पोरांना बसवायचं कसं, म्हणून विदर्भ-मराठवाड्यात तक्रारीही झाल्या. त्या वर्षी शाळा उघडल्या १६ जूनला, विदर्भात उन्हामुळे २३ जूनला. एवढे आठवडे मूल मोकळं दिसलं की शिबिरांची पत्रकं घरात येऊ लागतात : वैदिक गणित, हस्ताक्षर, रोबोटिक्स, पोहणं. ऐपत असेल आणि पोराला हौस असेल, तर एखादं जरूर करावं. पण मामाच्या गावी आंबे मोजून पेटीत भरणारी, बाजारात आजीबरोबर सुट्ट्यांचा हिशेब करणारी, धाकट्या भावंडाला गोष्ट वाचून दाखवणारी पोरगीही भाषा आणि गणितच करत असते. तिच्या हातात पुढच्या इयत्तेचं पुस्तक मे महिन्यातच कोंबायची गरज नसते.

तेव्हा निकाल हातात आला की फाटकाबाहेर पडण्याआधी वर्गशिक्षकांना गाठा आणि विचारा, “‘सुधारणा आवश्यक’खाली जे लिहिलंय, त्यासाठी घरी काय करून घेऊ?” मूल पाचवी-आठवीत असेल आणि एखादा विषय राहिला असेल, तर पुनर्परीक्षेची तारीख त्याच दिवशी विचारून घ्या. गावाहून परतीचं तिकीट काढताना ती लक्षात असू द्या.