पांढरीचा चढ मोजणारा लेझर

ढोकीहून तेरकडे निघालं, की दोन्ही बाजूंना काळं रान आणि ऊस. याच तेरणेच्या काठी दोन हजार वर्षांपूर्वी तगर ही भरभराटीची बाजारपेठ होती. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी पुस्तिकेनुसार पैठणहून पूर्वेला दहा दिवस चाललं की तगर लागे, आणि तिथलं कापड, मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदराला जाई. तगर म्हणजेच तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१मध्ये दाखवून दिलं. पुढे उत्खननं झाली. तेरच्या लामतुरे संग्रहालयात आज मणी, मृण्मूर्ती आणि हस्तिदंती शिल्प पाहायला मिळतं. पण उत्खननाचा खड्डा काही मीटरांचा असतो आणि शहर पसरलेलं असतं. ते कुठवर होतं, हे विचारायला आता आकाशातून लेझर फिरवता येतो. या तंत्राचं नाव लायडार.

वेळ मोजली की उंची कळते

विमानातून किंवा ड्रोनमधून लेझरचे स्पंद जमिनीवर सोडले जातात, सेकंदाला लाखांच्या घरात. प्रत्येक स्पंद परत यायला किती वेळ लागला, हे यंत्र मोजतं. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटीमीटर जातो. जाऊन-येऊन हिशेब केला, तर एका नॅनोसेकंदाचा फरक म्हणजे उंचीत १५ सेंटीमीटर. झाडाच्या पानांवरून काही प्रकाश आधी परततो, काही फटींतून जमिनीपर्यंत पोहोचतो. पानांचे बिंदू संगणकावर गाळले, की उघड्या जमिनीचा नकाशा उरतो. त्यावर तिरपं कृत्रिम ऊन पाडलं, तर वीतभर उंचवट्याचीही सावली दिसते. मात्र उन्हाच्या दिशेलाच धावणारा बांध सावली देत नाही. म्हणून अनेक दिशांनी उजेड टाकून पाहतात.

बेलीझमधल्या काराकोल या माया शहराचा सुमारे २०० चौरस किलोमीटर परिसर २००९मध्ये असा मोजला गेला. जंगलातून वर्षानुवर्षं पायी चालून जे हाती लागलं होतं, त्याच्या कितीतरी पट रस्ते आणि पायऱ्यांची शेतं काही दिवसांच्या उड्डाणांत दिसली. कंबोडियात अंगकोरभोवतीची शहररचना २०१२च्या सर्वेक्षणाने उलगडली.

जंगल नाही, ऊस आहे

आपल्याकडे जंगलाचा अडसर नाही, पण वेगळी अडचण आहे. दाट उसाची पाती एकमेकांवर पडलेली असली, की जमिनीपर्यंत फारच थोडा प्रकाश पोहोचतो. त्यामुळे मोजणी ज्वारी-हरभरा निघाल्यावर, उन्हाळ्यात करावी आणि उसाच्या फडांसाठी तोडणीची वेळ साधावी. विहिरीतून काढलेली माती, शेततळ्याचा भराव, बंद पडलेली वीटभट्टी, हे सगळं नकाशात जुन्या वस्तीसारखंच दिसतं. म्हणून नकाशातल्या प्रत्येक उंचवट्यावर शेवटी माणसाने जायचं, खापरं वेचायची, गावकऱ्यांना विचारायचं.

जुन्या वस्तीचा उंचवटा तयार कसा होतो, हे या भागाला शिकवायला नको. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवमधली कितीतरी गावं नव्या जागी गेली आणि जुन्या गावठाणांत दगडमातीचे ढीग उरले. अशा पडझडीवर पुन्हा बांधायचं, पुन्हा पडायचं, असं शतकानुशतकं चाललं, की पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड, चढते. पांढरीची माती पिकाला चांगली म्हणून ती वाहून नेण्याची रीतही तितकीच जुनी आहे. आता जेसीबी आला आहे. जी टेकाडं खोऱ्या-टोपल्याने कमी व्हायला पिढ्या लागल्या असत्या, ती एका हंगामात सपाट होतात.

म्हणून तेरणेच्या खोऱ्यात लायडारकडून नव्या शोधाच्या चमत्काराची अपेक्षा ठेवायला नको. नदीच्या गाळाखाली किंवा नांदत्या घरांखाली काय आहे, हे तो सांगणार नाही, कारण तो फक्त पृष्ठभाग मोजतो. त्याचं मोल दुसरीकडे आहे. आज एक मोजणी केली आणि पाच वर्षांनी दुसरी, तर दोन नकाशांची वजाबाकी सांगेल की कोणत्या टेकाडावरून किती माती गेली. संरक्षणाची हद्द कुठे आखायची, याचा निर्णय मग अंदाजावर राहणार नाही. ढोकी-तेर परिसरात पहिली मोजणी व्हायला हवी, ती यासाठी. आणि टेकाडं शाबूत आहेत तोवरच.