हा नऊ कुणाचा?

गेल्या पावसाळ्यातली एक दुपार. बाहेर सरी कोसळत होत्या आणि आम्ही रेंजच्या पत्र्याखाली बसलो होतो. नववी-दहावीतली एक मुलगी चटईवर पालथी झोपून पन्नास मीटरवर रायफल चालवत होती. बाजूच्या छोट्या पडद्यावर आकडा उमटला : ९.६. तिने गालावरून रायफल बाजूला केली आणि मागे वळून विचारले, "सर, ह्यो नऊ माझा, का गोळीचा?"

सर म्हणाले, "आधी तुझाच धर."

बाकावर तिचे वडील बसले होते. उद्यमनगरातली जुनी ओळख. मांडीवरच्या पिशवीत काडतुसांचा डबा होता आणि प्रत्येक आवाजागणिक त्यांची बोटे डब्यावर हलत होती. मला म्हणाले, "दादा, तुम्ही लेथवर उमर काढली. मला एक सांगा. तिकडं परदेशात लोखंडाच्या पुंगळीच्या स्वस्त गोळ्या मिळतात म्हणं. मग आपल्याकडं कोण का करत नाही? कोल्हापुरात लोखंडाला काय तोटा हाय?"

शिरोलीच्या फाउंड्र्या डोळ्यांसमोर असलेल्या माणसाचा हा रास्त प्रश्न. मला तेव्हा उत्तर देता आले नाही. मी नेमबाज नाही आणि शस्त्रतज्ज्ञही नाही. धातूशी तीस वर्षे झटापट केलेला कारागीर आहे. पण प्रश्न डोक्यात राहिला आणि वाचत, विचारत गेलो. हाती लागले ते इथे मांडतो.

काडतूस म्हणजे चार वस्तूंची मोट : पुढे गोळी, मागे दारू, तिला पेटवणारे स्फोटक द्रव्य आणि हे सारे धरून ठेवणारी पुंगळी. पुंगळी ही नुसती डबी आहे असे आपल्याला वाटते. खरे तर सर्वांत अवघड काम तिचे असते. दारू पेटली की क्षणार्धात तिने फुगून नळीच्या तोंडाशी घट्ट बसायचे, म्हणजे जळता वायू मागे नेमबाजाच्या तोंडावर येत नाही. गोळी निघून गेली की तिने पुन्हा आक्रसायचे, म्हणजे रिकामी पुंगळी सहज ओढून काढता येते. आधी फुगायचे आणि मग मागे यायचे, हे सेकंदाच्या अगदी लहानशा भागात.

पितळ इथे का जिंकते, हे लेथवाल्याला चटकन कळते. कुठलीही पट्टी वाकवून सोडली की ती किती मागे येईल हे दोन गोष्टींवर ठरते : तिची ताकद आणि तिचा ताठपणा. सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त अशा काडतुसी पितळेचा ताठपणा पोलादाच्या साधारण निम्मा. म्हणजे ताकद सारखी धरली तर पितळ दुपटीने मागे येते. शिवाय ते प्रेसमध्ये खोल ओढले तरी फाटत नाही. घागर, तांब्या, पुंगळी ही एकाच गुणाची लेकरे.

काडतूस या शब्दाशी कोल्हापूरची ओळख जुनी आहे. ३१ जुलै १८५७ रोजी इथल्या २७ व्या मुंबई देशी पलटणीने उठाव केला. त्या वर्षी देशभर ज्या काडतुसाची चर्चा होती ते कागदाचे होते. त्याला धातूची पुंगळीच नव्हती. पुढे दहा वर्षांच्या आत ब्रिटिशांनी स्नायडर रायफलीसाठी बॉक्सर नावाचे काडतूस आणले. त्याचा बूड लोखंडाचा आणि अंग पितळेच्या पातळ पत्र्याची गुंडाळी करून बनवलेले. स्वस्तात आणि झटपट होणारी ही युक्ती. पण गुंडाळीच्याच काडतुसाने सुदानच्या वाळवंटात दगा दिला. जानेवारी १८८५ मधल्या अबू क्ली इथल्या लढाईत तापलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलींमध्ये पुंगळ्या अडकल्या आणि शत्रू अंगावर आलेला असताना शिपाई चाकूने त्या उचकटत होते. त्यानंतर अखंड ओढलेल्या पितळेचा आग्रह पक्का झाला. आपल्याकडे खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. म्हणजे पुंगळीचे हे सारे बालपण त्याने पाहिले आहे.

पितळही निर्दोष नाही आणि त्याचा दोष उघडा पडला तो आपल्याच पावसाळ्यात. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेच्या काडतुसांना पावसाळ्यात ठेवल्या जागी तडे जात. न वापरता, न हाताळता. म्हणून या रोगाचे नाव पडले 'सीझन क्रॅकिंग', आपण मोसमी तडा म्हणू. काडतुसे तबेल्यांच्या आसपास साठवलेली असत. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, हवेतला ओलावा आणि ओढताना पितळेत कोंडून राहिलेला ताण, या तिघांच्या संगनमताने धातू फुटत होता. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी १९२१ मध्ये याचा उलगडा केला. उपाय साधा निघाला : पुंगळी मंद आचेवर तापवून आतला ताण मोकळा करायचा. एखाद्या तांबटाला हे वाचून नवल वाटणार नाही. भांडे ठोकता ठोकता मध्येच भट्टीत का घालायचे हे त्याला ठाऊक असते.

पोलादी पुंगळी आली ती गरजेपोटी. महायुद्धात तांब्याची ओढाताण झाली आणि जर्मनांनी लाखेसारखा लेप दिलेल्या पोलादी पुंगळ्या काढल्या. अमेरिकेत इव्हान्सव्हिल इथे मोटारींच्या कारखान्यात पिस्तुलाची पोलादी काडतुसे अब्जांच्या संख्येने निघाली. युद्ध संपल्यावर अमेरिका पितळेकडे परतली. सोव्हिएत रशियाने मात्र पोलादच धरून ठेवले. कलाश्निकोव्हचे काडतूस नीट पाहिले तर ते पुढे निमुळते होत गेलेले दिसते. पाचरीसारखी वस्तू किंचित मागे सरकली की सर्व बाजूंनी सुटते. पोलाद कमी आक्रसते, ही उणीव त्या आकाराने भरून काढली आहे. आमच्या गल्लीत काश्मिरात नोकरी केलेले एक सुभेदार आहेत. त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्याला अशी एक रिकामी पुंगळी आहे. रंग तांबूस, पण लोहचुंबक लावला की चटकन चिकटते.

ही काडतुसे तुला, बर्नाऊल अशा रशियन कारखान्यांतून अमेरिकेत जात आणि तिथले हौशी नेमबाज स्वस्त म्हणून ती पेटीने घेत. २०२१ च्या सप्टेंबरपासून अमेरिकेने रशियन काडतुसांच्या नव्या आयात परवान्यांवर बंदी घातली, तोवर हा व्यवहार जोरात होता. त्या लोकांत एक वाद कायम चाले : पोलादी पुंगळी रायफल खाते का? २०१३ मध्ये तिथल्या एका काडतूस विक्रेत्याने तो धसास लावला. एकसारख्या चार रायफली घेतल्या. एकीला पितळी आणि तिघींना वेगवेगळी पोलादी काडतुसे, प्रत्येकी दहा हजार असा बेत. निकाल गमतीचा आहे. पुंगळी ओढणाऱ्या आकड्याला पोलादाने काही केले नाही, आणि लोकांची मुख्य भीती तीच होती. एका रायफलीत मात्र पुंगळ्या वारंवार अडकल्या, कारण पोलाद पुरते फुगत नाही आणि फटीतून मागे आलेली काजळी साचत जाते. अशा काजळलेल्या नळीत नंतर पितळी काडतूस घातले तर तेही रुतून बसते. खरी झीज झाली नळीच्या आतल्या आट्यांची, आणि तिचा दोष पुंगळीकडे नव्हताच. तो गोळीच्या वेष्टनाकडे होता. स्वस्त काडतुसात गोळीवरही तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेले पोलाद असते. पितळी काडतुसांची नळी दहा हजारांनंतरही ठीक होती, तर बाकीच्यांची निम्मा पल्ला ओलांडल्यावर अचूकता सांडू लागली. तरीही हिशेब मांडला तेव्हा काडतुसांत वाचलेल्या पैशांत नवी नळी येऊन वर काही उरत होते.

म्हणजे त्या बापाचे म्हणणे चुकीचे नव्हते. हौशीने डबे उडवणाऱ्यासाठी पोलाद परवडते. पण त्याच्या मुलीच्या हातात होती ती पॉइंट टू-टू रायफल. आपल्याकडे कायद्याने सैनिकी रायफली नागरिकांना मिळत नाहीत, आणि ऑलिंपिकमधली पन्नास मीटरची स्पर्धाही याच लहान काडतुसाची. त्याची रचना वेगळी. पेटवणारे द्रव्य बुडाच्या मध्यभागी नसते. ते पुंगळीच्या काठात, पोकळ गोटात भरलेले असते. घोड्याची सुई त्या काठाला चेमटवते तेव्हा ठिणगी पडते. काठ चेमटला पाहिजे, म्हणजे धातू मऊ हवा. पोलाद इथे सुरुवातीलाच मागे पडते. गोळी उघड्या शिशाची असते, वेष्टन नाहीच. म्हणजे तिथेही वाचवायला काही नाही.

मग मी तराजू काढला. रिकामी पुंगळी पाऊण ग्रॅमही भरली नाही. बाजारातल्या पितळेच्या भावाने त्यात पन्नास पैशांचाही धातू नाही. सगळे पितळ फुकट मिळाले तरी काडतुसामागे अर्धा रुपयासुद्धा वाचणार नाही. मग बापाच्या पिशवीतला डबा एवढा महाग का?

उत्तर लक्ष्याच्या कागदावर आहे. पन्नास मीटरच्या लक्ष्यात दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे, गोळी ५.६ मिलिमीटरची. गोळीच्या कडेने वर्तुळाला स्पर्श केला तरी दहा मिळतात, म्हणजे तिचा मध्य केंद्रापासून आठ मिलिमीटरच्या आत हवा. पुढे दर ०.८ मिलिमीटरला गुणाचा एक दशांश कमी. आता गोळीच्या वेगाकडे पाहू. ती सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास, आवाजापेक्षा थोडी हळूच, मुद्दाम सोडलेली असते. पन्नास मीटर जाईपर्यंत ती सुमारे बारा सेंटिमीटर खाली येते. हे रायफलीच्या दर्शिकेत धरलेलेच असते. पण एखाद्या काडतुसाचा वेग दहा मीटरने कमी निघाला तर ती आणखी सात मिलिमीटर खाली जाते. जवळजवळ एक पूर्ण गुण! आणि दहा मीटरचा हा फरक पडायला काय लागते? एकूण दारूच ग्रॅमच्या दहाव्या भागाइतकी; तिच्यात चार कणांची चूक, किंवा काठातले द्रव्य एका बाजूला जरा जाड बसणे.

म्हणून नामांकित कारखाने काडतूस बनवण्याइतकेच ते तपासण्यावर खर्च करतात. इंग्लंडची एली किंवा फिनलंडची लापुआ यांच्या वेगवेगळ्या दरांच्या डब्यांतले काही प्रकार मुळात एकाच यंत्रावर, एकाच पितळेतून, एकाच शिशातून निघालेले असतात. प्रत्येक घाणा, म्हणजे लॉट, पक्क्या बांधलेल्या नळीतून झाडून बघतात. सर्वांत दाट ठिपका देणाऱ्या लॉटवर टेनेक्स किंवा एक्स-ॲक्ट असे मानाचे नाव छापले जाते. त्याखालचे लॉट खालच्या नावाने, खालच्या दराने विकले जातात. आपल्याकडचे स्वस्त काडतूस म्हणजे दुसऱ्या धातूचे काडतूस नव्हेच. ते परीक्षेत मागे पडलेले सख्खे भावंड आहे.

इथे त्या मुलीचा प्रश्न परत येतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद मिळवले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी ऑलिंपिक कांस्य घेतले, ४५१.४ गुणांवर. अंतिम फेरीत तिसरा क्रमांक ठरेपर्यंत ४४ गोळ्या होतात. भागून पाहा : सरासरी १०.२६. या पातळीवर काडतूस सर्वोत्तमच असते, तिथे नऊ पडला तर तो नेमबाजाचा. पण शिकणाऱ्याचे काय? तिला खालच्या दर्जाचा डबा मिळतो, आणि श्वास चुकला की हात, की ट्रिगर जोरात ओढला, की काडतूसच मंद होते, हे तिला कळायला मार्ग नाही. पोलादी काडतूस नळी झिजवते, ती बदलता येते. हे काडतूस शिकणाऱ्याचा स्वतःवरचा अंदाज झिजवते. निर्दोष झाडलेल्या गोळीला ९.६ मिळाले की मूल चांगली सवय मोडून नवी वाईट सवय लावून घेते, असे सरांनी मला सांगितले. मला हा खर्च कुठल्याच हिशेबात दिसला नाही.

यावर रेंजवर काही तोडगे आहेत. सुरुवात दहा मीटरच्या एअर रायफलीवर होते. छर्रा त्या मानाने खूप स्वस्त आणि त्यात दारूच नाही. गोळी न घालता तासन्‌तास नुसता ट्रिगर ओढण्याचा सराव सगळेच करतात, अगदी मोठे नेमबाजसुद्धा. त्यात काडतूस नाही, म्हणजे चूक कुणाची हा वादच नाही. आणि तिसरा मार्ग म्हणजे आपल्या रायफलीला मानवणारा लॉट शोधणे. युरोपातले नेमबाज रायफल घेऊन थेट कारखान्यात जातात, डझनभर लॉट झाडून बघतात आणि आवडलेला हजारांनी उचलतात. आपल्याकडे आयात, परवाना, प्रत्येक गोळीची नोंद. बहुतेकांना जे येईल ते घ्यावे लागते.

दिवाळीच्या आधी सरांनी एका मुरलेल्या मुलाला बसवून तिच्याच रायफलीतून दोन डब्यांतल्या वीस-वीस गोळ्या झाडून घेतल्या. नाव एकच, दर एकच, लॉट वेगळे. पहिल्याचा ठिपका रुपयाच्या नाण्याखाली झाकला गेला, दुसऱ्याचा चारी बाजूंनी बाहेर डोकावत होता. वडिलांनी खिशातून वही काढून पहिल्या डब्यावरचा लॉट नंबर दोनदा तपासून लिहून घेतला. मग विक्रेत्याला फोन लावला. तो लॉट संपला होता.