निरोप आणि लिफाफा

गावच्या आरोग्य केंद्रात बाळांना लस टोचण्याचा दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी परिचारिकाताई खांद्याला एक निळा डबा अडकवून येतात. तुम्ही तो पाहिलाच असेल. डब्यात चारी बाजूंनी बर्फाचे पॅक आणि मधोमध लसीच्या कुप्या असतात. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. आपल्या भंडारा जिल्ह्यात तर मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तरीही कारखान्यातून निघालेली लस तुमसर, पवनी, साकोलीच्या खेड्यांपर्यंत थंडच पोहोचवावी लागते. वाटेत कोठेही ती तापता कामा नये. या व्यवस्थेला शीतसाखळी म्हणतात.

कोरोनाच्या साथीत एका नव्या प्रकारच्या लसीने या शीतसाखळीची मोठी परीक्षा घेतली. तिचे नाव एम-आरएनए लस.

जुन्या पद्धतीच्या लसींत दुबळा केलेला किंवा मारलेला रोगजंतू असतो, नाहीतर त्याचा एखादा भाग असतो. एम-आरएनए लसीत जंतू मुळीच नसतो. तिच्यात असतो फक्त एक निरोप. आपल्या पेशींमध्ये सतत प्रथिने तयार होत असतात. कोणते प्रथिन बनवायचे, हे पेशीला सांगणाऱ्या रेणूला एम-आरएनए म्हणतात. त्याचा शोध १९६१ साली लागला. कोरोनाच्या विषाणूवर काट्यांसारखी प्रथिने असतात. तो काटा कसा बनवायचा, एवढाच निरोप या लसीत असतो. निरोप मिळाला की पेशी काटा बनवतात. शरीर त्या काट्याला परका म्हणून ओळखते आणि त्याच्याशी लढायची तयारी करून ठेवते. काम झाले की निरोप नष्ट होतो. पेशीच्या ज्या केंद्रकात आपली आनुवंशिकता साठवलेली असते, तेथे तो जातच नाही. त्यामुळे या लसीने माणसाची जात-जनुके बदलतात, ही नुसती अफवा आहे.

मात्र हा निरोप फार नाजूक असतो. त्याला तोडणारी विकरे आपल्या रक्तात असतात, घामात असतात, बोटांवरही असतात. म्हणून प्रयोगशाळेत हातमोजे घातल्याशिवाय कोणी त्याच्याजवळ जात नाही. शिवाय पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचे पटल असते. एवढा मोठा रेणू त्यातून आपोआप आत शिरत नाही. थोडक्यात, त्याला लिफाफा हवा. ('लिफाफा' हा शब्द तुमच्या घरचाच आहे. मराठीनेही तो आपलासा केला आहे, म्हणून येथे 'पाकीट' न म्हणता लिफाफाच म्हणू.)

हा लिफाफा लिपिडांचा, म्हणजे स्निग्ध पदार्थांचा असतो. पाण्यात तेलाचे चार थेंब टाकून पाहा. ते पाण्यात मिसळत नाहीत, एकमेकांजवळ जमतात. काही लिपिडांचे एक टोक पाण्याला धरते आणि दुसरे पाण्यापासून पळते. अशी लिपिडे पाण्यात स्वतःहून बारीक फुगे तयार करतात. अलेक बँगहॅम या इंग्रज शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात असे फुगे पाहिले होते. त्यातून औषध पाठवता येईल, ही कल्पना पुढे आली.

लसीतले कण सुमारे १०० नॅनोमीटरचे असतात. एका मिलिमीटरमध्ये १० लाख नॅनोमीटर असतात. आपल्या शेतातल्या ६ मिलिमीटर लांबीच्या तांदळाच्या दाण्यावर असे ६० हजार कण एका ओळीत बसतील!

या कणात चार प्रकारची लिपिडे असतात. त्यांपैकी एक फार हुशार आहे. आम्ल द्रवात त्याच्यावर धन विद्युतभार येतो. निरोपाच्या रेणूवर ऋण भार असतो. म्हणून कारखान्यात आम्ल द्रवात दोघे एकमेकांना घट्ट धरतात आणि कण तयार होतो. रक्तात आम्लता नसते. तेथे लिपिडाचा भार जवळजवळ नाहीसा होतो, त्यामुळे ते शरीराला त्रासदायक ठरत नाही. मग पेशी तो कण गिळते आणि एका बारीक पिशवीत ठेवते. पिशवीत हळूहळू आम्लता वाढते. लिपिडावर पुन्हा धन भार येतो, पिशवीचे पटल फाटते आणि निरोप बाहेर पडतो. बहुतेक निरोप पिशवीतच वाया जातात, पण सुटलेले थोडेसेही पुरतात. लिफाफा योग्य ठिकाणीच उघडावा, यासाठी शास्त्रज्ञांनी कित्येक वर्षे घालवली.

निरोपातही सुधारणा करावी लागली. साधा एम-आरएनए टोचला की शरीर खवळून उठत असे. कॅटालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी त्याच्या रचनेत एक छोटा बदल करून हा प्रश्न सोडवला. त्यांचे संशोधन २००५ साली प्रसिद्ध झाले आणि २०२३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

२०२० च्या डिसेंबरमध्ये परदेशांत एम-आरएनए लसी टोचल्या जाऊ लागल्या. तेव्हा फायझरची लस साठवायला उणे ७० अंशांच्या आसपास तापमान लागे आणि मॉडर्नाची लस उणे २० अंशांवर ठेवावी लागे. पाण्यात हा निरोप तुटत जातो आणि कणही एकमेकांना चिकटतात. कडाक्याच्या थंडीत हे थांबते. पण आपल्या खेड्यात उणे ७० अंशांचे यंत्र कोठून आणायचे? वीज गेली तर काय? भारतात १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले, तेव्हा मुख्यतः कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन याच लसी देण्यात आल्या. त्या २ ते ८ अंशांवर टिकतात.

पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने मात्र एम-आरएनए लसीचा नाद सोडला नाही. तिने निरोप कणाच्या आत न ठेवता अतिसूक्ष्म लिपिडकणांच्या पृष्ठभागावर चिकटवला. शिवाय लस गोठवून, तिच्यातले पाणी काढून तिची भुकटी केली. उन्हाळ्यात घरोघरी कुरडया आणि ईदच्या शेवया वाळवतात, तसाच हा विचार. पाणी गेले की पदार्थ टिकतो. या कंपनीची जेमकोव्हॅक-१९ ही भारतात तयार झालेली पहिली एम-आरएनए लस. तिला २०२२ च्या जूनमध्ये तातडीच्या वापराची परवानगी मिळाली. ओमिक्रॉनसाठीची तिची बहीण जेमकोव्हॅक-ओएम २०२३ च्या जूनमध्ये आली. ती सुईशिवाय, एका छोट्या उपकरणाने त्वचेत देतात. या लसींना उणे ७० अंशांची गरज नाही. २ ते ८ अंश पुरतात. लाखांदूर तालुक्यातल्या एखाद्या आरोग्य केंद्राचा फ्रीजही नेमके एवढेच तापमान राखतो.