निवृत्तीचा हिशोब – भाग ६ : ठेव तिच्या नावावर, कर त्याच्या माथी

निवृत्तीचे पैसे खात्यात जमा झाले की घरोघरी एक सल्ला हमखास मिळतो : ‘थोडे वहिनींच्या नावावर ठेवा, कर वाचेल.’ सांगणारा कधी शेजारी असतो, कधी बँकेतला ओळखीचा, कधी आपलाच धाकटा भाऊ. वहिनींना उत्पन्न नाही, तेव्हा त्यांच्या ठेवीवरच्या व्याजाला कर नाही, असं हे सरळ गणित. प्राप्तिकर कायद्याला ते जुन्या काळापासून ठाऊक आहे आणि त्यानं त्याचा बंदोबस्तही करून ठेवला आहे. नवऱ्यानं बायकोला किंवा बायकोनं नवऱ्याला मोबदला न घेता पैसे दिले आणि ते गुंतवले गेले, तर त्यावरचं उत्पन्न देणाऱ्याच्या उत्पन्नात मिळवलं जातं. सीए मंडळी याला ‘क्लबिंग’ म्हणतात. देणगीवर कर नाही, ठेवही कायद्यानं तिचीच. व्याज मात्र त्याच्या विवरणपत्रात.

आता आकडे. ते आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आणि नव्या करप्रणालीचे आहेत. समजा, सिंधुदुर्गातल्या बांद्याचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. पेन्शन महिना ८०,००० रुपये, म्हणजे वर्षाला ९.६ लाख. त्यातून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली, उरले ८.८५ लाख. हाती आलेल्या ४५ लाखांपैकी ३० लाख त्यांनी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. ८.२ टक्क्यांनी वर्षाचं व्याज २.४६ लाख. एकूण झालं ११.३१ लाख. उरलेले १५ लाख पत्नीच्या नावे ७ टक्क्यांच्या मुदत ठेवीत. त्याचं व्याज १.०५ लाख, आणि प्राध्यापकांच्या हिशोबात ते कुठेच नाही. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत, कर शून्य. सगळे खूश.

कायद्यानं हिशोब केला तर उत्पन्न होतं १२.३६ लाख. १२ लाखांची रेघ ओलांडल्यावर सवलत जाते आणि कोष्टकाप्रमाणे कर येतो ६५,४०० रुपये. रेघ ओलांडून जेवढं उत्पन्न वर गेलं त्यापेक्षा कर जास्त घेतला जात नाही, एवढी दया कायद्यात आहे. म्हणून तो ३६,००० वर थांबतो. वर ४ टक्के उपकर. एकूण ३७,४४० रुपये. म्हणजे शेवटचं ३६,००० रुपयांचं व्याज मिळवण्यासाठी प्राध्यापक ३७,४४० रुपये भरणार! १२ लाख ते साधारण १२.७० लाख या पट्ट्यात मिळवलेला जादा रुपया असाच जातो. निवृत्तांनी या पट्ट्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावं, कारण पेन्शनवरचा महागाई भत्ता वाढला की माणूस त्यात नकळत जाऊन बसतो.

हेच प्राध्यापक पत्रादेवीचा नाका ओलांडून पलीकडे पेडण्यात राहत असते, आणि त्यांचा विवाह गोव्याच्या नागरी कायद्याखाली, वेगळा विवाहपूर्व करार न करता झाला असता, तर? तिथे पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते आणि प्राप्तिकर कायदाही ते मान्य करतो. पगार आणि पेन्शन ज्याचं त्याचं. बाकी उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं. एकूण ३.५१ लाखांच्या व्याजातले १,७५,५०० प्राध्यापकांकडे, तेवढेच पत्नीकडे. त्यांचं उत्पन्न १०.६ लाखांच्या आसपास, पत्नीचं पावणेदोन लाख. दोघांनाही कर शून्य, तोही उजळ माथ्यानं. बांदेकरांनी यावर नुसतं हळहळावं. राहतं घर पलीकडे हलवून हा कायदा लागू होत नाही.

‘पण वहिनींनी १५एच भरून दिला आहे ना?’ हा प्रश्न येतोच. साठी ओलांडलेल्या व्यक्तीच्या व्याजावर एका बँकेत वर्षाला एक लाखापर्यंत टीडीएस कापला जात नाही. त्यावर गेलं आणि वर्षाचा एकूण कर शून्य असेल, तर १५एच देऊन कपात टाळता येते. त्यानं थांबतो तो टीडीएस. कराची जबाबदारी नवऱ्याकडे तशीच राहते. उलट पत्नीच्या नावे टीडीएस कापला गेला असेल, तर हे उत्पन्न पतीच्या हिशोबात धरायचं आहे, असं बँकेला लेखी कळवून त्याचं श्रेय पतीला घेता येतं. हे फारसं कोणी करत नाही, पण वाट आहे.

हाच नियम सुनेलाही लागू आहे. सासू-सासऱ्यांनी सुनेला पैसे दिले तर त्यावरचं व्याज सासू-सासऱ्यांच्याच उत्पन्नात. सज्ञान मुलाला, मुलीला किंवा आईला दिले तर मात्र नाही. आणि जावयाला दिले तरी नाही. जावयाचा मान कायद्यानंही राखला आहे.

मग आमच्या प्राध्यापकांनी करावं काय? ठेवीतले सव्वापाच लाख कमी झाले की उत्पन्न १२ लाखांच्या आत येतं. ते मुलीला देता येतील, पण दिलेला पैसा तिचा झाला. कराच्या धास्तीनं म्हातारपणची पुंजी वाटून टाकणं मला पटत नाही. त्यापेक्षा पीपीएफ बरं. पतीचं एक खातं, पत्नीचं एक, प्रत्येकी वर्षाला दीड लाख. मार्चअखेर आणि एप्रिलच्या सुरुवातीला भरले तर थोड्या दिवसांत सहा लाख तिथे जातात. व्याज ७.१ टक्के आणि करमुक्त, त्यामुळे पत्नीच्या खात्यातलं व्याज पतीकडे मिळवायचा प्रश्नच नाही. मुदत पंधरा वर्षांची आहे आणि साठीला ती लांब वाटते. मात्र सातव्या आर्थिक वर्षापासून काही रक्कम काढता येते. ज्यांना दर महिन्याला व्याज हातात लागतं, त्यांच्यासाठी ही सोय नव्हे.

पेन्शन ५०-६० हजारांची असेल, तर वरचे बरेचसे हिशोब करायची गरजच नाही. सगळं व्याज स्वतःच्या उत्पन्नात दाखवूनही कर शून्य येतो. तरीही पत्नीच्या नावे ठेव जरूर ठेवावी, पण कारण वेगळं असावं. नवऱ्याच्या माघारी कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होईपर्यंतच्या काळात स्वतःच्या सहीनं पैसे काढता येणं ही तिची गरज आहे.

एक बारकावा. क्लबिंग होतं ते नवऱ्यानं दिलेल्या रकमेवरच्या व्याजाचं. ते व्याज पत्नीनं पुन्हा गुंतवलं तर त्यावरचं व्याज तिचंच. त्यामुळे व्याज जमा व्हायला वेगळं बचत खातं ठेवावं. माहेरच्या जमिनीचे पैसे, तिची स्वतःची कमाई, आईवडिलांनी दिलेलं यांचा तर नवऱ्याच्या कराशी संबंधच नाही; पण ते याच ठेवीत मिसळले, की दहा वर्षांनी कोणता रुपया कुणाचा हे सांगायला कागद लागतो. वाटणीपत्राची प्रत आणि त्या काळचं पासबुक फाइलला लावून ठेवा.

(पुढील आठवड्यात : नामनिर्देशन आणि मृत्युपत्र)