सपाट नागपुरात एमटीबी कशाला?

“नागपुरात डोंगर कुठे आहेत, मग माउंटन बाइक कशाला?” हा प्रश्न नेहमीचा. पण जाड टायर लागतो तो चढामुळे नाही, जमिनीमुळे. अंबाझरी जैवविविधता उद्यानातली जंगलवाट, कन्हानकाठची वाळू आणि शिवारातली काळी माती, अशा जमिनीवर अरुंद टायर एकतर घसरतो नाहीतर रुततो. साधारण २.२ इंची टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली की तो जमिनीवर जास्त टेकतो, पकड वाढते आणि खडे हातांना कमी जाणवतात. म्हणून इथे महागड्या सस्पेन्शनपेक्षा चांगल्या टायरवरचा खर्च सार्थकी लागतो.

कमी हवेने पंक्चर वाढतात, हा आक्षेप ट्यूबच्या बाबतीत खरा आहे. दगडावर आपटताच ट्यूब रिमखाली चिमटते. बाभळीचा काटा तर हवा कितीही असो, घुसतोच. ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट हा दोन्हींवर चांगला उपाय. बारीक भोकात द्रव घट्ट होतो आणि हवा थांबते. पावसाळ्यात मात्र जाड टायरही हात टेकतो. ओली काळी माती चाक आणि फोर्कच्या मध्ये थापली जाते, चाक फिरेनासं होतं आणि वाटेवर खोल चाकोऱ्या पडतात. तेव्हा वाट वाळेपर्यंत थांबा.